सगळ्यांना माहितंय की, सर!

वर्गात त्रेचाळीस मुलंमुली होती. विकिपीडियाने पहिल्या सहांना आत घेतलं आणि सातव्याला दारातच अडवलं.

यात त्यांचा सोलापूरवर काही राग नव्हता. एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात, असा तिथला नियम आहे. एकाच माणसाने शंभर नावं घेऊन धुडगूस घालू नये म्हणून केलेला. आमच्या संगणक कक्षातले एकवीस संगणक (पैकी चालू चौदा) एकाच वायरीतून जगाशी बोलतात. त्यामुळे जगाच्या लेखी आम्ही सगळे मिळून एकच इसम होतो, आणि तोही संशयित. हे मला आधी ठाऊक असायला हवं होतं. पण मी तालीम केली होती घरी, एकट्याने, आणि माझं खातं पहिल्या फटक्यात उघडलं होतं.

रोज सहा या हिशेबाने त्रेचाळीस जणांना आठ दिवस लागणार होते. आठव्या दिवशी एकटाच उरणार होता आणि तोवर पहिले सहा आपापला पासवर्ड विसरलेले असणार होते. मी हा भागाकार फळ्यावर मांडत असताना शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, मोबाईलच्या नेटवर करू की."

आमच्या इमारतीत मोबाईलची रेंज दोनच ठिकाणी येते, सायकल स्टँडवर आणि कँटीनच्या दाराशी. पंधरा मिनिटांत माझा अख्खा तास कँटीनमध्ये भरला. एकाचा हॉटस्पॉट सहा जणांत संपला की दुसरा आपला सोडायचा. कँटीनवाल्याने दोन ताटं कडक भाकरीचा चुरा आणि चहा पाठवला आणि बिल माझ्याकडे पाठवलं. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तासाला शंभर टक्के हजेरी त्या दिवशी पहिल्यांदा लागली.

उद्घाटन मात्र व्यवस्थित झालं होतं. 'मराठी विकिपीडिया संपादन कार्यशाला' असा बॅनर होता, म्हणजे मराठीतला ळ छापखान्यातच राहिला होता. यूपीएसच्या शेजारी समई लावली. प्रमुख पाहुण्यांनी विकिपीडियाला ज्ञानाचा महासागर म्हटलं आणि त्या सागराच्या काठाकाठाने पाऊण तास चालत राहिले. मग फोटो. हल्ली कॉलेजात एखादी गोष्ट घडली की नाही, हे फोटोवर छापल्या जाणाऱ्या अक्षांश-रेखांशांवरून ठरतं. समिती येते, पुरावा मागते, आणि फोटोच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा नसेल तर तुम्ही त्या दिवशी पृथ्वीवर नव्हता असं धरून चालते. शिपाईमामांनी मोबाईल खाली घेतला आणि म्हणाले, "लोकेशन आलं नाही सर. परत एकदा लावा दिवा." पाहुण्यांनी फुंकर मारून समई विझवली आणि परत लावली. हा फोटो सुंदर आलाय. त्यात ळ नसलेला बॅनरही अक्षांश-रेखांशांसकट अमर झालाय.

मुलांना पहिल्या दिवशी आवडले ते शब्द. 1 मे 2003 ला, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कुणीतरी शब्दांच्या बाबतीत फार चांगलं काम करून ठेवलंय. शिकाऊ माणसाने जिथे हवं ते गिरवून पाहावं त्या पानाला नाव आहे धूळपाटी. पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटाने अक्षरं काढायची आणि चुकली की हात फिरवायचा, हे मी सांगितलं तेव्हा एकाने शांतपणे टेबलावर बोट फिरवून दाखवलं. आमच्या संगणक कक्षात धूळपाटी प्रत्येक टेबलावर होती. सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला चावडी म्हणतात, मत मागायच्या जागेला कौल, आणि दिवसरात्र न थकता, न कुरकुरता बारीकसारीक दुरुस्त्या करत फिरणाऱ्या यंत्राला सांगकाम्या. या शेवटच्या शब्दावर वर्गात बरीच चर्चा झाली, कारण प्रत्येकाच्या घरी एक सांगकाम्या होता आणि बहुतेक ठिकाणी तो वर्गात हजर होता.

सदस्यनाव निवडताना मात्र मराठी मागे पडलं आणि सोलापूर पुढे आलं. 'भावी आमदार', 'किंग ऑफ बाळीवेस', 'नाद नाय करायचा 13'. (एमएच-13 ही आमची गाडीवरची ओळख. ती सोलापूरकर विकिपीडियावर जातानाही पुसत नाही.) एका सरळ मुलाने संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि पुढे हजेरी क्रमांक असं नाव घेतलं. मी म्हटलं, अरे, हे जगाला दिसतं. तो म्हणाला, "म्हणून तर टाकलं सर. मार्क कुणाला द्यायचे ते तुम्हाला कळायला नको?"

हा श्रेयांकाचा विषय होता आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण विकिपीडियावरच्या लेखाला होते. वीस गुणांसाठी सोलापूरचं तरुण रक्त काय लिहील? तर पेठेतल्या भाऊंवर लेख. पहिल्याच संध्याकाळी पाच लेख आले, पाच वेगवेगळ्या भाऊंवर, आणि पाचही एकाच भाऊंचे असावेत इतके सारखे. युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी, तडफदार, धडाडीचे, आणि जन्म सामान्य कुटुंबात. चौकातल्या फ्लेक्सवरचा मजकूर मुलांनी विकिपीडियावर टांगला होता. फक्त खाली हात जोडलेले चाळीस चेहरे लावायचे राहिले होते, आणि ते कसे लावायचे हे एकाने मला विचारलंसुद्धा.

उल्लेखनीयता म्हणून एक अट असते, हे मी समजावलं. ज्याच्यावर लेख लिहायचा त्याच्याबद्दल त्याच्याशी संबंध नसलेल्या माणसांनी आधी कुठेतरी सविस्तर लिहिलेलं असावं लागतं.

"पेपरमध्ये आलंय की सर. अर्धं पान."

दुसऱ्या दिवशी कात्रण आलं. अर्धं पान खरंच होतं. वर वाढदिवसाच्या शुभेच्छा, मध्ये भाऊ, खाली शुभेच्छुकांची यादी, आणि त्या यादीत लेखकाचं स्वतःचं नाव तिसरं. शुभेच्छुक हा संदर्भ होत नाही, हे पटवायला मला एक अख्खा तास लागला. पटलं नाही. एका प्रचालकाने, म्हणजे तिथल्या पानांवर देखरेख ठेवणाऱ्याने, पाचही पानांवर 'पान काढा'चा साचा लावला तेव्हा मुलं थेट चावडीवर जाऊन भांडायला निघाली होती. त्यांना तिथे जायला मी चार दिवसांपूर्वीच शिकवलं होतं.

मग सोलापूरच्या मान्यवर विषयांकडे वळलो. ते आधीच संपले होते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले, चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता 1942 मध्ये तिथेच गेले, आणि चारच वर्षांनी व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यांच्यावर लेख होता. वालचंद हिराचंद होते. नान्नजचा माळढोक होता, जो प्रत्यक्षात दिसेनासा झाला तरी विकिपीडियावर ठणठणीत आहे. "चांगली चांगली माणसं आधीच कुणीतरी लिहून टाकलीत सर," असं एकजण म्हणाला. सरकारी भरती संपल्यावर अर्ज करायला गेल्यासारखा त्याचा चेहरा होता.

म्हणून मी म्हटलं, घरचं लिहा. तुम्हाला जे माहीत आहे ते. माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

अक्कलकोटहून रोज एसटीने येणाऱ्या एका मुलीने कडक भाकरीवर लिहिलं. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, मग उन्हात किंवा तव्यावर पार कडक होईपर्यंत कशी ठेवायची, ती महिना-महिना कशी टिकते, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर का आणि वरणात चुरून का नाही, आणि प्रवासाला निघताना किती बांधून घ्यायची. चांगला लेख होता. मराठी शुद्ध होतं. संदर्भाच्या जागी तिने लिहिलं होतं, आजी.

"आजी चालत नाही," मी म्हटलं.

"का? साठ वर्षं करतीय की."

"छापलेलं पाहिजे."

"आजी छापून कशी येईल सर?"

शोध घेतल्यावर एका रविवार पुरवणीतला लेख सापडला. लेखक बाहेरगावचे होते. सोलापुरात एक दिवस राहून, एका हॉटेलात जेवून त्यांनी कडक भाकरीवर लिहिलं होतं, आणि ती तेलात तळतात की काय अशी शंका वाचकाच्या मनात राहील अशा बेताने लिहिलं होतं. ते चालत होते. आजी चालत नव्हती. मुलीने तो लेख दोनदा वाचला आणि म्हणाली, "म्हणजे आजीनं या सरांना फोन करून सांगायचं, त्यांनी ते छापायचं, आणि मग मी ते लिहायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण तो विचारणारी ती पहिली नव्हे, एवढं सांगू शकलो. 2011 मध्ये बेंगळुरूच्या अचल प्रभला यांनी नेमका हाच मुद्दा उचलून भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला होता. जे कुणी कधी छापलंच नाही ते माणसांकडून ऐकायचं, ध्वनिमुद्रित करायचं आणि तोच संदर्भ म्हणून द्यायचा. मल्याळम, हिंदी आणि सेपेडी भाषांत तो झाला. मराठीत झाला असता तर आजीचा नंबर लागला असता. नियम जिथे होता तिथेच राहिला. मुलीने मान डोलावली आणि पुरवणीवाल्यांचा संदर्भ टाकला, पण त्यांच्या पुढे कंसात एक शब्दही न लिहिता तिने तेलाचं वाक्य लेखातून वगळलं. संपादन तिला माझ्या आधी कळलं होतं.

साखर पेठेतली दुसरी एक. घरी बोलायला तेलुगू, शाळा मराठी, आणि अंगणात चार यंत्रमाग. तिने सोलापुरी चादरीवर लिहायचं ठरवलं. विकिपीडियावरचे ते चौकटी कंस, महिरपी कंस आणि उभ्या रेघा पाहून बाकीच्यांना घाम फुटत होता, पण हिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे जेकार्डसारखंच आहे." मग तिनेच वर्गाला समजावलं. मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते. जिथे भोक तिथे एक दोरा उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो, आणि त्यातून चादरीवर मोर येतो. संगणकाचे पूर्वज याच पुठ्ठ्यांतून निघाले, ही गोष्ट मी वीस वर्षं शिकवतोय. ती मी कधी पाहिली नव्हती. ती हिच्या घरी रोज खडखडत होती, आणि आमच्या चौदा संगणकांपेक्षा जास्त नेमाने चालत होती.

"पण सर, पुठ्ठ्यात एक भोक चुकलं ना, तर प्रत्येक चादरीत तीच चूक येतंय. मोराला पायच नाही, तर शंभर मोरांना पाय नाही. पप्पा मोर बघून सांगतात कुठला पुठ्ठा."

हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकून सोडून दिलं. ते माझ्यावर उलटणार होतं.

तटस्थपणाचा धडा मी हुतात्म्यांवर घेतला, आणि तो सोपा जाईल असं मला का वाटलं कोण जाणे. मे 1930 चा मार्शल लॉ हा सोलापुरात कुणालाही अर्ध्या झोपेतून उठवून विचारावा असा विषय. मुलांनी लिहिलेल्या परिच्छेदात नराधम, जुलमी, जाज्वल्य, देदीप्यमान आणि रक्तरंजित हे शब्द इतके दाटीवाटीने बसले होते की घटनेला उभं राहायला जागा नव्हती. विशेषणं काढा, म्हटलं. "इंग्रजांबद्दल तटस्थ कसं राहायचं सर?" असा सवाल आला, आणि तो आगाऊपणाचा नव्हता. मी म्हटलं, तटस्थ राहू नका, विशेषणं फक्त काढा. त्यांनी एकेक काढली. शेवटी फळ्यावर उरलं ते असं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली.

कुणी काही बोललं नाही. मग 'नाद नाय करायचा 13' उठला आणि त्याने 'सारडा'चा ड नीट गिरवला.

आता चिकटवाचिकटवीबद्दल. पुण्यात हे आमच्या आधी होऊन गेलं होतं. 2011 साली विकिमीडिया फाउंडेशनने कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, सिंबायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा पुण्यातल्या संस्थांमधल्या शेकडो विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लिहायला बसवलं होतं. मुलांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उतारेच्या उतारे उचलून चिकटवले. जगभरचे स्वयंसेवक रात्री जागून ते उपसत बसले, आणि वर्ष संपायच्या आत तो उपक्रम गुंडाळावा लागला. सोलापूरकराला ही हकिगत सांगताना जो आनंद होतो तो लपवण्यात अर्थ नाही. मी ती दोन तास सांगितली. पुणं, इंजिनीअरिंग, इंग्रजी, आणि तरी! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

चौथ्या दिवशी आमचे अकरा लेख प्रताधिकारभंगात सापडले.

एकाने तर गाईडमधलं पान उतरवताना शेवटची 'हा प्रश्न 2022 मध्ये विचारला होता' ही ओळही प्रामाणिकपणे उतरवली होती. मी रागावलो. तो मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. "पण सर, परीक्षेत आम्ही हेच लिहितो की. जसंच्या तसं लिहिलं तर तुम्ही दहापैकी नऊ देता. शब्द बदलले की सहा."

ते खरं होतं. त्याच्या उत्तरपत्रिकेवर नऊच होते, माझ्याच अक्षरात. चिकटवल्यापासून चार मिनिटांत कुठल्यातरी गावातला कुणीतरी प्रचालक ते वाचतो, ओळखतो आणि उलटवतो. बिनपगारी! मी पगार घेऊन एका बैठकीत साठ उत्तरपत्रिका तपासतो आणि वाचतो किती ते माझं मला ठाऊक. त्या अनोळखी माणसाबद्दल मला दोन दिवस आदर वाटला आणि तिसऱ्या दिवसापासून भीती.

कारण आता शेवटच्या बाकावरचा तो हॉटस्पॉटवाला कामाला लागला होता. त्याला लेख लिहायचा कंटाळा होता, म्हणून मी त्याला बिनसंदर्भाची जुनी वाक्यं शोधून त्यांना संदर्भ जोडायला सांगितलं होतं. त्याने निवडलेलं वाक्य सोलापूरच्या नावाबद्दलचं होतं: सोळा गावं मिळून सोलापूर झालं. हे आमच्याकडे रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. त्याने संदर्भ दिला, 'प्राध्यापकांच्या नोट्स, पान 4'. झेरॉक्सवाल्याचं नावही प्रकाशक म्हणून टाकलं होतं.

मी हसून म्हटलं, नोट्स चालत नाहीत.

"ते कळलं सर. पण दुसरंच एक आहे. त्या सोळा गावांची यादी मिळाली. आदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, राणापूर, संदलपूर, सोनापूर, सोन्नलगी..." तो बोटांवर मोजत गेला. "आणि यातलं एक गाव सोलापूरच आहे. म्हणजे सोलापूर व्हायच्या आधी सोलापूर होतं?"

वर्ग हसला. मीही हसलो, थोडं उशिरा. अक्कलकोटची मुलगी म्हणाली, "आमच्या आजीच्या तोंडात सोन्नलिगे सिद्धरामच आहे सर. कन्नडमध्ये सिद्धेश्वरांना तसंच म्हणतात. सोलापूर ती म्हणतच नाही." आणि खरोखरच, बाराव्या शतकाच्या सुमाराच्या शिलालेखांत गावाचं नाव सोन्नलगे असल्याचं संशोधक सांगतात. सोळा या आकड्याचा त्यात संबंध नाही. दरवर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज ज्याच्या नावाने निघतात, त्याच सिद्धरामाच्या नावात गावाचं जुनं नाव आठशे वर्षं शाबूत होतं. मी त्या मिरवणुकीत लहानपणापासून जातो. न छापलेली आजी बरोबर होती आणि छापलेले, म्हणजे निदान झेरॉक्स केलेले सर चुकले होते.

इथवर ठीक होतं. पण त्याचं संपलं नव्हतं.

"सर, तुम्ही ऑगस्टमध्ये पाठचिकित्सा शिकवली होती ना?"

शिकवली होती. तो माझा आवडता भाग. दोन पोथ्यांत बरोबर मजकूर सारखा असेल तर काहीच सिद्ध होत नाही. चूक सारखी असेल तर एक पोथी दुसरीवरून उतरवलेली, किंवा दोघी तिसरीवरून. एकनाथांनी शके 1506 मध्ये अनेक प्रती जमवून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे यात कुणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीद दिली, हेही मी रंगवून सांगितलं होतं. नाथमहाराज हे मराठीतले पहिले प्रचालक, आणि ज्ञानेश्वरी हे मराठीतलं पहिलं सुरक्षित केलेलं पान, असं परवाच वर्गात म्हणून मी हशाही मिळवला होता.

"तुमच्या नोट्समध्ये 'अस्तीत्वात' असं लिहिलंय. ती दुसरी दीर्घ. ऱ्हस्व पाहिजे."

"टंकलेखनाची चूक."

"विकिपीडियावर एका पानाच्या इतिहासात मागं मागं गेलो. 2012 ची आवृत्ती. तिथं हे सगळं वाक्य आहे, आणि 'अस्तीत्वात'ची तीपण दीर्घ आहे. नंतर कुणीतरी ते काढलंय. टाकणाऱ्याचं नाव नाही, नुसते आकडे." त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "तुमच्या नोट्स 2013 च्या आहेत."

साखर पेठेची मुलगी पुढच्या बाकावर होती. ती मागे न वळता, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पुठ्ठा सापडला."

बारा वर्षांत ते वाक्य निदान सहाशे मुलांनी परीक्षेत लिहिलं असेल. मी त्या प्रत्येकाला त्याबद्दल मार्क दिले असतील. शंभर मोर, पाय नाहीत. आणि आता ते वाक्य माझ्या नावाने परत विकिपीडियावर निघालं होतं, जिथून मी ते एका उन्हाळ्याच्या दुपारी, पंख्याखाली बसून, कुणीही बघत नाही या समजुतीने उचललं होतं. विकिपीडियाच्या त्या 'इतिहास पहा' या कळीबद्दल मी मुलांना पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. इथे केलेलं काहीही पुसलं जात नाही, असं माझं वाक्य होतं.

"मग बरोबर काय ते कुठं छापलंय?" मी आवाज शक्य तितका संशोधकाचा ठेवून विचारलं.

"जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये बघावं लागेल सर. आपल्या ग्रंथालयात आहे, कॅटलॉगमध्ये नाव दिसतंय."

आम्ही तिघंचौघं ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल मॅडमनी कपाट उघडलं, रांगेत बोट फिरवलं, एका फटीपाशी थांबल्या आणि देवघेवीचं जुनं रजिस्टर काढलं. पानं उलटत 2009 पर्यंत गेल्या. मग काहीही न बोलता त्यांनी रजिस्टर माझ्याकडे न देता त्या मुलाकडे फिरवलं. ही बाई विकिपीडियावर प्रचालक व्हायला हवी होती. त्याने माझं नाव मोठ्याने वाचलं.

ते पुस्तक हरवलेलं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. आमच्या घरी शिलाई मशीनचा एक पाय आखूड आहे, आणि जिल्हा गॅझेटियर बरोबर त्या मापाचं निघालं. त्या ग्रंथाच्या आधारावर हिचं फॉल-पिको सोळा वर्षं चालू आहे, आणि अर्ध्या पेठेच्या साड्या आजवर त्यावरून गेल्या आहेत.

"मग संध्याकाळी घरी येऊ का सर?" तो म्हणाला. "त्या पानाचा फोटो काढून घेतो."

मी मान हलवली. तो दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"लोकेशनसकट काढतो. पुरावा लागतोय."